थ्री-नॉट-थ्रीचे पोपडे: ब्रिटनमध्ये घरच्या डीॲक्ट रायफलच्या लोखंडाला पुन्हा रंग देताना

आमच्याकडे खंडेनवमीला कोयता, करवत, पान्हे, झालंच तर शिलाई मशीनची कात्री असं सगळं पाटावर मांडून पूजा होते. बर्मिंगहॅमजवळच्या या घरातही ते चुकलेलं नाही. गेल्या वर्षी त्या पाटावर एक पाहुणी वाढली: 1943 सालची ली-एनफील्ड नंबर 4, निष्क्रिय केलेली, म्हणजे डीॲक्ट. मी हौसेने बोट ओलं करून तिच्या रिसिव्हरच्या (नळीमागचा, बोल्ट ज्यात बसतो तो लोखंडी भाग) पुढच्या कड्यावर कुंकू लावलं. दिवाळीच्या आवराआवरीत ते पुसायला घेतलं, तर कुंकू निघालं आणि खाली नखाएवढं नारिंगी वर्तुळ राहिलं. त्या जागेचा रंग आधीच उडालेला होता, म्हणजे मी नागड्या लोखंडाला पाणी लावून पंधरा-वीस दिवस तसंच ठेवलं होतं.

ते वर्तुळ काढायला गेलो आणि सगळ्या रायफलीच्या रंगाला हात घातला. पहिल्या प्रयत्नात एक कायमची चूक केली, ती पुढे येईलच. इकडे राहणाऱ्या आणि असली एखादी रायफल घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. एनसीसीत जिने खांदे दुखवले ती थ्री-नॉट-थ्री म्हणजे हीच ली-एनफील्ड. भारतात ईशापूरच्या कारखान्यात तिचा जुना अवतार, नंबर 1 मार्क 3, बनायचा. नंबर 4 हा दुसऱ्या महायुद्धातला पुढचा अवतार. माझी बीएसएच्या (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीच्या) शर्लीच्या कारखान्यातली आहे, इथून गाडीने जवळच. दस्ता ज्यात बसतो त्या लोखंडी खोबणीवर एम 47 सी असा छाप असेल तर तुमचीही तिथलीच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख फक्त वरच्या रंगाचा आहे. डीॲक्ट करताना जे वेल्ड केलंय, जिथे पिन ठोकलीय, जिथे नळीला खाच पाडलीय, त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. वेल्डची गाठ ओबडधोबड दिसते म्हणून ती कानशीने घासून "सफाईदार" करायचा मोह होतो. नको. ती गाठ घासलीत की रायफलीची कायदेशीर ओळखच धोक्यात येते.

1. कागद आधी, कानस नंतर

ब्रिटनमध्ये 1988 च्या फायरआर्म्स (अमेंडमेंट) कायद्याच्या कलम 8 नुसार, लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा (बंदुका तपासून छाप मारणाऱ्या अधिकृत संस्थेचा) छाप आणि सोबत त्यांचं प्रमाणपत्र असेल तर ती बंदूक निष्क्रिय मानली जाते. ही प्रूफ हाउसं जुनी आहेत. लंडनची सनद 1637 ची, बर्मिंगहॅमचं 1813 चं. तुमच्या रायफलीवरचा तो बारीक छाप म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा. रंगाच्या जाड थराखाली तो बुजला किंवा पॉलिश पेपरने पुसला गेला, तर हातात राहतो तो कागद आणि एक अनोळखी लोखंड.

जवळ असायला हव्यात अशा गोष्टी:

- प्रूफ हाउसचं डीॲक्टिव्हेशन प्रमाणपत्र, मूळ प्रत. त्याची एक छायाप्रत रायफलीच्या पिशवीत.
- खरेदीची पावती, विकणाऱ्याच्या नावासकट.
- 12 डिसेंबर 2019 नंतर हस्तांतर झालं असेल तर होम ऑफिसला दिलेल्या सूचनेची प्रत. चौदा दिवसांपेक्षा जास्त काळासाठी रायफल दुसऱ्याकडे गेली, तरी ही सूचना द्यावी लागते. "मित्राच्या गॅरेजमध्ये महिनाभर ठेवतो, तिथे रंगवतो" असं ठरवण्याआधी हे लक्षात घ्या.
- काम सुरू करण्यापूर्वीचे सगळ्या छापांचे फोटो. हे कुणी मागत नाही, पण मला आज त्यांची किंमत कळते.

प्रमाणपत्रावरची तारीख बघा. 8 एप्रिल 2016 पासून युरोपीय नियम लागू झाले, 28 जून 2018 पासून त्यांची सुधारित आवृत्ती. 2016 च्या आधीच्या जुन्या पद्धतीच्या डीॲक्टमध्ये बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) मागेपुढे सरकतो, घोडा ओढता येतो, म्हणून हौशी लोकांना त्या प्रिय. त्या बाळगायला हरकत नाही, पण नव्या मानकाप्रमाणे काम करून घेतल्याशिवाय त्या विकता किंवा भेट देता येत नाहीत. नव्या पद्धतीच्या रायफलीत बोल्ट वेल्ड करून बसवलेला असतो आणि जे जे भाग बदलले त्या प्रत्येकावर छाप असतो. माझी नव्या पद्धतीची आहे, त्यामुळे खालचं सगळं "बोल्ट निघत नाही" हे धरून लिहिलंय.

आणि भारतात घेऊन जायचं मनातही आणू नका. तिकडच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात सुटे भागसुद्धा शस्त्राच्या व्याख्येत येतात. इथल्या प्रूफ हाउसचा कागद दाखवून मुंबई विमानतळावर सुटका होईल, या भरवशावर कुणी राहू नये.

2. जागा: शेड, आणि दार लावलेलं

ऊन पडलं की इथे सगळे बागेत काम काढतात. तुम्ही हे काम बागेत काढू नका. कुंपणापलीकडून दिसणारी रायफल डीॲक्ट आहे की नाही, हे शेजारच्या आजींना कळायचं काही कारण नाही. त्या 999 फिरवतील आणि ते बरोबरच असेल. सार्वजनिक जागी नकली किंवा निष्क्रिय बंदूकसुद्धा कारणाशिवाय बाळगणं हा इथे गुन्हा आहे. गाडीतून न्यायची झाली तर बंद पिशवीत, डिकीत, सोबत कागद.

शेडला खिडकी असेल तर पडदा लावा, पण हवा खेळती ठेवा. पुढे वाफ, वास, धूर सगळं होणार आहे.

3. सामान

- टोकाची कड शाबूत असलेले रुंद आणि पातळ स्क्रू ड्रायव्हर. एनफील्डच्या स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात. जाड पातं कडेवर चढतं आणि खाच फाडतं.
- सर्वांत बारीक स्टील वूल, चार शून्याचं. भांडी घासायचं नको.
- पितळी आणि नायलॉनचे ब्रश, जुने टूथब्रश.
- ॲसिटोन किंवा सेल्युलोज थिनर, व्हाइट स्पिरिट.
- पेंट स्ट्रिपर.
- कमी चिकट तेल, भरपूर चिंध्या, रबरी हातमोजे, रसायनांच्या वाफा अडवणारा मास्क, चष्मा.
- भिंतीवरचा कागद सोलायचं वाफेचं यंत्र. हो, तेच. खाली सांगतो.
- हीट गन आणि लांबून तापमान मोजायचं थर्मामीटर.
- सुट्या भागांसाठी मँगनीज फॉस्फेटचं तयार द्रावण आणि स्टीलचं पातेलं.
- उष्णतेवर पक्का होणारा काळा रंग, अर्धचकाकीचा.

पातेल्याबद्दल एक सूचना. अडगळीतलं ॲल्युमिनियमचं पातेलं काढू नका. फॉस्फेटचं द्रावण आम्लयुक्त असतं, ते ॲल्युमिनियम खातं, आणि धुण्याचा सोडाही खातो. स्टेनलेस स्टीलच घ्या. आणि एकदा ते शेडमध्ये गेलं की स्वयंपाकघरात परत येत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मी नंतर सांगितलं.

4. आधी ओळखा: वर आहे ते काय आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवशिक्यांचं बहुतेक नुकसान याच पायरीवर होतं, कारण "काळं आहे ना, मग काळं करू" असा सरळ हिशोब असतो.

युद्धकाळातल्या नंबर 4 चं लोखंड रासायनिक पद्धतीने काळं केलेलं असायचं. ब्रिटिश त्याला ब्राउनिंग म्हणतात, रंग मात्र काळाच. हा थर अगदी पातळ असतो, घासला की करडं लोखंड दिसतं आणि कडांवर चंदेरी झाक येते. युद्धानंतर दुरुस्तीच्या कारखान्यांत पुष्कळ रायफली पूर्ण उघडून नव्याने बांधल्या. त्याला एफटीआर म्हणतात, म्हणजे कारखान्यात केलेली संपूर्ण दुरुस्ती. तेव्हा लोखंडाला फॉस्फेटचा खरखरीत राखाडी थर देऊन त्यावर सनकोराइट नावाचा काळा रंग भट्टीत पक्का करत. रिसिव्हरच्या डाव्या अंगाला एफटीआर आणि सालाचे आकडे विजेच्या पेन्सिलने कोरलेले दिसले, तर बहुधा तुमच्याकडे हा प्रकार आहे.

ओळखायची सोपी खूण: सनकोराइट उडतो तेव्हा पोपडे धरतो, भिंतीच्या डिस्टेंपरसारखा. त्याच्या काठावर नख अडकतं. खाली राखाडी, खडूसारखा मंद पृष्ठभाग दिसला तर तो फॉस्फेट, आणि तो शाबूत असेल तर नशीब काढलंत, कारण नवा रंग त्याला घट्ट धरतो. ब्राउनिंगला असा काठ नसतो, ते विरत जातं.

लाकडाखाली न दिसणाऱ्या जागी, थिनरमध्ये भिजवलेल्या बोळ्याने घासून बघा. बोळा काळा झाला तर वर कुणीतरी नंतर स्प्रे मारलाय. भट्टीतला रंग इतक्या सहज सुटत नाही. विकण्यापूर्वी डीॲक्ट रायफलींवर असा घाईचा काळा हात मारलेला बरेचदा दिसतो, विशेषतः वेल्डच्या आसपास.

आता प्रश्न, करायचं की नाही. माझं मत ठाम आहे: मूळ ब्राउनिंग असलेल्या, दुरुस्तीला न गेलेल्या युद्धकालीन रायफलीला रंग देऊ नका. तेलात भिजवलेल्या बारीक स्टील वूलने गंज काढा आणि थांबा. हात लागून लागून बोल्टच्या दांडीच्या गोळ्यावर आलेली चकाकी आणि नळीच्या तोंडाशी झिजलेली कड ही त्या रायफलीची हजेरी आहे. ती पुसून नवीकोरी काळी कुळकुळीत केलीत तर जाणकार घेणारा पाठ फिरवतो. एफटीआरमधल्या रंगाचे पोपडे मात्र वेगळे. तो रंग निघाला की खाली पाणी धरतो, म्हणून तिथे काम करण्यात अर्थ आहे.

5. फोटो आणि छाप

रायफलीवरचा प्रत्येक छाप, आकडा, बाण (ब्रिटिश सरकारी मालाची ती बाणाची खूण) यांचे तिरक्या उजेडात फोटो घ्या. टॉर्च बाजूने आडवी धरली की उथळ कोरीव काम उठून दिसतं. ठोकलेले छाप खोल असतात, पण विजेच्या पेन्सिलीने लिहिलेलं फार उथळ, केसाच्या जाडीचं.

माझी चूक इथली. डावीकडचा रंग निघेना म्हणून 240 नंबरचा पॉलिश पेपर घेऊन पाच मिनिटं जोर लावला. रंग निघाला, आणि एफटीआरच्या सालातला दुसरा आकडाही गेला. आता तो बोटाने चाचपून आणि डोळे बारीक करून वाचावा लागतो. त्या बाजूला पॉलिश पेपर, सँड ब्लास्टिंग, ड्रिलवर लावलेला तारेचा ब्रश, काहीही चालवायचं नाही. फक्त स्ट्रिपर आणि नायलॉनचा ब्रश. वेळ लागतो, लागू द्या.

6. लाकूड उतरवणं

क्रम असा: मधल्या आणि पुढच्या कड्यांचे स्क्रू काढा, वरची दोन लाकडी कवचं अलगद उचला. मग घोड्याच्या कड्याचे (ट्रिगर गार्डचे) पुढचा आणि मागचा असे दोन स्क्रू काढून ते कडं खाली घ्या. शेवटी पुढचं लांब लाकूड दोन्ही हातांनी समान धरून सरळ खाली ओढा. एका टोकाकडून उपसलंत तर मागच्या बाजूला, जिथे लाकूड रिसिव्हरला टेकतं, तिथे चीर पडते.

दस्ता काढायचा असेल तर तो नेहमी सगळ्यात शेवटी. त्याचा लांब बोल्ट मागच्या पितळी किंवा लोखंडी तळपट्टीच्या झाकणातून, आत कोंबलेला बोळा काढल्यावर दिसतो. जुन्या नंबर 1 मध्ये त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला तर ते चिरफाळतं. नंबर 4 वाल्यांनीही हीच सवय ठेवावी. रंगासाठी दस्ता काढायची खरं तर गरज नसते, मी काढला नाही.

तीन सावधगिऱ्या:

कड्यांच्या काही स्क्रूंची टोकं मुद्दाम ठोकून पसरवलेली असतात, ती फिरत नाहीत. जोर लावून मोडलीत तर बाजारात हार्डवेअरच्या दुकानात तो स्क्रू मिळणार नाही, एनफील्डचे आटे त्यांचे स्वतःचेच आहेत. भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा.

नव्या डीॲक्टमध्ये एखादा भाग निघतच नसेल तर तो बहुधा निष्क्रिय करण्याच्या कामाचाच भाग आहे. मॅगझीन निघेना? मग ते तिथेच राहू द्या आणि त्याच्याभोवती मास्किंग टेप लावा.

काढलेला प्रत्येक स्क्रू अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, कप्प्यावर नाव लिहून. डबीत एकत्र टाकू नका.

7. जुना रंग काढणं

दुकानात मिळणारे आजचे स्ट्रिपर पूर्वीसारखे जहाल नसतात. डायक्लोरोमिथेनवाले घरगुती विक्रीतून गेले. आताचे जेलसारखे असतात: जाड थर द्या, वर स्वयंपाकघरातलं पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, चार-पाच तास विसरा. मग लाकडी पट्टीने किंवा जुन्या बँक कार्डाने खरवडा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ करायची नाही. खरवड कागदात गुंडाळून कौन्सिलच्या घातक कचऱ्याच्या जागी.

आता डीॲक्टचा खास सापळा. नळीत पिन किंवा सळई वेल्ड केलेली असते, खाच असते, बोल्ट आणि रिसिव्हरमध्ये फट असते. या सगळ्या आंधळ्या जागा आहेत. पातळ द्रव एकदा आत गेला की बाहेर यायला वाट नाही. म्हणून नळी आणि रिसिव्हर हा मोठा भाग कशातही बुडवायचा नाही. ना स्ट्रिपरमध्ये, ना आम्लात, ना फॉस्फेटमध्ये. सगळी तोंडं रबरी बुचांनी आणि टेपने बंद करा, बोल्टच्या कडेच्या फटीत ग्रीस भरा, आणि द्रव कापडाने किंवा ब्रशनेच लावा. चालू रायफलीच्या दुरुस्तीचे व्हिडिओ बघून काम करणारे इथेच फसतात, कारण त्या रायफलीचे सगळे भाग सुटतात.

8. गंज: वाफेची युक्ती

हलका तांबूस गंज तेल आणि चार शून्याच्या स्टील वूलने निघतो. स्प्रिंगा आणि स्प्रिंगसारखे पातळ भाग व्हिनेगर किंवा कुठल्याही आम्लात टाकू नका. आम्लातून निघणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. धुण्याच्या सोड्यात वीज सोडून गंज काढायची पद्धत सुट्या भागांना चांगली आहे. फक्त दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा तुकडा लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. साधं लोखंड लावा.

आणि कुंकवाखालचं ते वर्तुळ? ते बुडवता येत नव्हतं आणि घासलं तर आजूबाजूचा चांगला फॉस्फेट जाणार होता. तांबडा गंज उकळत्या पाण्याच्या वाफेत राहिला की त्याचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं. बंदुका काळ्या करायची जुनी पद्धत याच तत्त्वावर चालते. इथे घराघरांत भिंतीचा कागद सोलायचं वाफेचं यंत्र असतं. त्याचं तोंड त्या जागेवर धरून वीस मिनिटं वाफ दिली. आधी नारिंगी, मग चॉकलेटी, मग एका क्षणी लक्षात आलं की वर्तुळ दिसतच नाहीये, तिथे काळी मखमल आहे. वरची भुकटी स्टील वूलने झटकली, पुन्हा दहा मिनिटं वाफ. दोन फेऱ्यांत ती जागा शेजारच्या फॉस्फेटमध्ये मिसळून गेली. खोल खड्डे पडले असतील तर ते भरून येत नाहीत, पण गंज वाढायचा थांबतो.

वाफेनंतर लगेच हीट गनच्या मंद झोताने पाऊण तास वाळवा, बोल्टच्या फटीतून शेवटची वाफ निघेपर्यंत. यंत्रात शुद्ध केलेलं पाणी घाला, नळाच्या पाण्याचे पांढरे डाग उठतात.

9. सुटे भाग: फॉस्फेट

कडी, घोड्याचं कडं, दस्त्याची तळपट्टी लोखंडी असेल तर ती, मागच्या, भोकातून नेम धरायच्या साइटचे सुटणारे भाग, एवढंच. पितळ टाकू नका.

फॉस्फेटला गुळगुळीत लोखंड चालत नाही, त्याला पकडायला खरखरीतपणा लागतो. छाप नसलेल्या भागांना बारीक ब्लास्टिंग करून घ्या किंवा 120 नंबरच्या पेपरने मॅट करा. मग ॲसिटोनने तेल काढा आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका. माझ्या एका कड्यावर अंगठ्याचा ठसा अजून आहे, पोलिसांच्या फाइलीत शोभेल इतका स्वच्छ.

द्रावण बाटलीवरच्या प्रमाणात पातळ करून 90 अंशांच्या आसपास तापवा, उकळू देऊ नका. भाग लोखंडी तारेला टांगून सोडा. बारीक बुडबुडे सुटू लागतात, सोड्याच्या बाटलीत दिसतात तसे. तो हायड्रोजन आहे, जवळ ज्योत नको. दहा-पंधरा मिनिटांत बुडबुडे मंदावले की काम झालं. बाहेर काढून गरम पाण्याने धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, परत धुवा, वाळवा. रंग देणार नसाल तर गरम असतानाच तेल पाजा. राखाडी भाग डोळ्यांदेखत गर्द होतो.

बाटलीतल्या "थंड ब्लू"बद्दल लोक विचारतात. त्यात सेलेनियमची विषारी संयुगं असतात, थर नाजूक येतो आणि फॉस्फेटवर तो बसतच नाही. स्क्रूच्या डोक्यावरचा एखादा ओरखडा झाकायला ठीक. गरम कॉस्टिकचं ब्लूइंग मात्र घरी मुळीच करायचं नाही. ते 140 अंशांच्या आसपासचं दाहक क्षाराचं द्रावण असतं, त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी उसळून तोंडावर येतं.

10. रंग आणि भट्टी

मोठा भाग बुडवता येत नाही, म्हणून त्यावर आहे तोच फॉस्फेट ठेवून वर रंग. जिथे फॉस्फेट उरला नाही तिथेही तयारी म्हणून फक्त मॅट करून, तेल काढून रंग दिला तरी धरतो, थोडा कमी टिकतो.

प्रूफ हाउसच्या छापावर टेपचा बरोबर तेवढाच तुकडा लावा. मूळ छापांवर टेप नको, नाहीतर भोवती चौकट उमटते. तिथे एकच पातळ हात द्या.

लोखंड हाताला गरम लागेल इतकं, म्हणजे पन्नासेक अंश, हीट गनने तापवा. गरम लोखंडावर रंग पसरतो, ओघळत नाही. पातळ तीन हात, मध्ये वीस मिनिटं. एकच जाड हात दिलात तर आकडे बुजतात आणि रायफल गेटच्या गजासारखी दिसते. पावडर कोटिंगवाल्याकडे देऊ नका, तेही याच कारणाने.

भाजण्याचं तापमान डब्यावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. सुट्या भागांसाठी मी जुन्या बाजारातून टेबलावरचा छोटा ओव्हन घेतला. जेवणाच्या ओव्हनमध्ये नको, रंगाचा धूर आत बसतो. मोठा भाग पाऊण मीटरपेक्षा लांब, कुठल्याच घरगुती ओव्हनमध्ये मावत नाही. त्यासाठी पत्र्याच्या चौकोनी डक्टमध्ये तो टांगला, दोन्ही टोकांनी हीट गन सोडल्या आणि दर पाच मिनिटांनी थर्मामीटरने तीन ठिकाणी बघत राहिलो. तापमान हळू चढवा. घाईत चढवलं की फटीत भरलेलं ग्रीस पातळ होऊन वाहतं आणि रंगावर डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. म्हणून भाजण्याआधी ते ग्रीस पुसून काढा. मला हे दुसऱ्या खेपेला कळलं.

11. लाकूड आणि जोडणी

लाकडाला पॉलिश पेपर नको, वार्निश तर नकोच. उकळलेलं जवसाचं तेल, हाताच्या तळव्याने चोळून, पातळ. त्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. बाहेर दोरीवर एकेरी वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

जोडताना उलटा क्रम. पुढचं लाकूड बसवताना रंग खरवडला जातो तो नेमका रिसिव्हरच्या मागच्या कोपऱ्यांवर, तिथे मेणाचा बोटभर हात द्या. स्क्रू आधी सगळे हाताने दोन-दोन आटे फिरवून घ्या आणि मगच आवळा. पुढच्या कड्याचा स्क्रू शेवटी.

12. आठ दिवसांनी

रायफल लगेच भिंतीवर टांगू नका. जाड वर्तमानपत्रावर, नळीचं तोंड खाली आणि नळीची खाच खालच्या बाजूला येईल अशी तिरपी ठेवा, खाली पांढरा टिश्यू पेपर. आठ दिवसांनी टिश्यू बघा. कोरडा असेल तर ठीक. त्यावर तपकिरी थेंबाचा डाग असेल तर आत कुठेतरी द्रव अडकलाय: बुचं काढून हीट गनच्या मंद झोताने तासभर वाळवा, मग खाचेतून तेलाची पिचकारी मारा आणि नवा टिश्यू ठेवा. माझ्या टिश्यूवर पहिल्या आठवड्यात दोन डाग होते, एक खाचेखाली, एक बोल्टच्या फटीखाली. दुसऱ्या आठवड्यात एक. तिसऱ्या आठवड्यात कोरडा निघाला, तेव्हा खुंट्या ठोकल्या.